पाणघोडा पोहतो की नाही? साडूसोबत भरीत पार्टीची पैज लागली आहे

केळीवाला_यावल:

नमस्कार मंडळी, प्रश्न येडपट वाटेल पण घरात आठ दिवसांपासून यावरून कुटाणा चालू आहे म्हणून इथे टाकतोय. मे महिन्याच्या शेवटी लग्नासाठी मुंबईला गेलो होतो, एक दिवस मोकळा मिळाला तर पोरांना घेऊन राणीच्या बागेत गेलो. पोरीला (वय ७) पेंग्विन बघायचे होते म्हणून एवढी पायपीट केली, तर पेंग्विन दहा मिनिटांत बघून झाले आणि पाणघोड्याच्या कठड्याला जी चिकटली ती हलायलाच तयार नाही. आणि तो महाराज काही बाहेर येईना. नुसत्या नाकपुड्या वर यायच्या, फुस्स करायचा, कान फडफडवायचा आणि परत खाली गुडूप. पाऊण तासात पाठ दिसली फक्त.

साडूभाऊ सोबत होते (शिरपूरचे, सगळ्यातलं सगळं कळतं त्यांना), ते म्हणे हा प्राणी पोहतच नाही. मी म्हटलं साडूभाऊ ज्याच्या नावात पाणी आहे आणि जो सकाळपासून पाण्यात पडलाय तो पोहत नाही तर काय करतो, बुडतो? झालं, तिथेच कठड्याजवळ पैज लागली. जो हरेल त्याने हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी द्यायची, दोन्हीकडची पावणेमंडळी धरून ३०-३५ माणूस.

आता पोरीचे प्रश्न वेगळे. तो गवत खातो म्हणतात पण दिवसभर पाण्यात तर खातो कधी? आपली म्हैस पण डोहात डुंबते पण तिच्या पाठीवर पोरं बसतात, मग हा गवत खाणारा असून माणसं मारतो असं का म्हणतात? आणि त्याला लाल घाम येतो हे खरं का थाप? कोणाला नीट माहिती असेल तर सांगा, व्हॉट्सअपवरचं फॉरवर्ड नको.


भुसावळ_जंक्शन:

साडूशी पैज लावायचीच नसते भाऊ. हरलो तर पार्टी द्या, जिंकलो तर बायकोचं ऐका.

बाकी आमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा गेला की मी पण नाकपुड्या तेवढ्या बाहेर ठेवून हौदात बसतो, मला कोणी बघायला येत नाही.


ढोरडॉक्टर_पारोळा:

तुम्ही हरलात. ३१ वर्षं ढोरांच्या दवाखान्यात काढली आहेत, पाणघोडा काही कधी टेबलावर आला नाही पण त्याच्यावर वाचलंय भरपूर, म्हणून सांगतो.

पोहायला अंग तरंगावं लागतं. पाणघोड्याची हाडं इतकी भरीव आणि जड असतात की तो तळाला जाऊन टेकतो, आणि मग तळावर पाय मारत मारत पुढे जातो, म्हणजे चालणं आणि उडी मारणं याच्या मधलं काहीतरी, चंद्रावर उतरलेली माणसं चालायची ना त्या व्हिडिओत तसं. खोल पाणी असलं तर तळाला पाय मारून वर येतो, श्वास घेतो, परत खाली. मोठा पाणघोडा पाचेक मिनिटं दम धरतो. गंमत म्हणजे झोपेत सुद्धा हे चालू असतं, अंग आपोआप वर येतं, नाक उघडतं, श्वास घेऊन परत खाली जातं आणि त्याला जाग पण येत नाही. डोळे, कान, नाकपुड्या तिन्ही डोक्याच्या माथ्यावर एका ओळीत आहेत ते यासाठीच. खाली गेला की नाकपुड्या बंद, कान मिटलेले. पिल्लू तर पाण्याखालीच आईला पितं.

आता म्हशीचं. आपल्याला वाटतं दोन्ही सारखेच, काळे जाड आणि पाण्यात. म्हशीला घामाच्या ग्रंथी कमी आणि रंग काळा म्हणून ती डुंबते, पण पाणी नाही मिळालं तर निंबाच्या सावलीत दिवस काढते. पाणघोड्याचं तसं नाही. कातडी जाड असते, काही ठिकाणी पाच सेंटिमीटरपर्यंत, पण सगळ्यात वरचा थर एकदम पातळ, त्यातून अंगातलं पाणी भराभर उडून जातं. उन्हात फार वेळ राहिला तर कातडी भेगाळते. म्हणजे पाण्यात तो मजा म्हणून बसत नाही, नाइलाज आहे त्याचा. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, पोरीच्या बाकी प्रश्नांची उत्तरं यातूनच निघतात.

लाल घाम खरा आहे, फक्त तो घाम नाही आणि रक्त पण नाही. कातडीतल्या ग्रंथींतून चिकट पाण्यासारखं काहीतरी निघतं, आधी बिनरंगी असतं, थोड्या वेळात लाल होतं, मग तपकिरी. २००४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्यातली रंगद्रव्यं वेगळी काढली, लाल वालं हिप्पोसुडोरिक अॅसिड. ते ऊन शोषून घेतं आणि जंतू पण वाढू देत नाही. नर एकमेकांना फाडतात, वर दिवसभर शेणाच्या पाण्यात बसतात, तरी जखमा फार चिघळत नाहीत त्याचं एक कारण हे असावं.

खातो कधी, तर रात्री. सूर्य मावळला की बाहेर, रात्रभर चरतो, पहाटे परत पाण्यात. एका रात्रीत साधारण ४० किलो गवत. आता हिशोब बघा, नर पाणघोडा दीड टनाच्या वर, म्हणजे आपल्या तीन म्हशी एका कातड्यात भरलेल्या, आणि चारा जेमतेम दीड म्हशीचा. दिवसभर पाण्यात अंग सैल सोडून पडल्यावर भूक तरी कशाची लागणार. पोटाला कप्पे आहेत पण रवंथ करत नाही. आणि ते जे मोठे सुळे दिसतात त्याने गवत तोडत नाही, गवत ओठांनी उपटतो. सुळे फक्त भांडणासाठी.

नाव घोडा असलं तरी घोडा, म्हैस, डुक्कर यातला कोणीच त्याचा जवळचा भाऊबंद नाही. पाणघोड्यांचं स्वतःचं कुळ सोडलं तर आज जिवंत असलेल्या प्राण्यांत सगळ्यात जवळचे नातेवाईक देवमासे आणि डॉल्फिन. पोरीला सांगा, शाळेत भाव खाईल.


केळीवाला_यावल:

डॉक्टरसाहेब मनापासून धन्यवाद. पण एक पळवाट शोधतोय, पाण्याच्या वर येऊन पुढे सरकतो ना? मग ते पोहणंच झालं की.


ढोरडॉक्टर_पारोळा:

वकील लावा.


ठिबकवाला_जळगाव:

उशिरा बघितला धागा. मी २०१६ ते २०१९ केनियात नैवाशाला होतो, तिथे तळ्याच्या काठाने मैलोनमैल गुलाबाचे पॉलीहाऊस आहेत, फुलं तिथून थेट हॉलंडला जातात, त्याच्या ठिबकचं काम करायला आपल्या जळगावची बरीच पोरं जातात. तर तीन वर्षं पाणघोडे शेजारी होते असं समजा.

पहिल्याच दिवशी सुपरवायझरने दोन गोष्टी सांगितल्या, पगार पाच तारखेला आणि अंधार पडल्यावर तळ्याकडे जायचं नाही. मला वाटलं सिंह असतील. तो हसला आणि म्हणाला किबोको. स्वाहिलीत किबोको म्हणजे पाणघोडा आणि किबोको म्हणजे चाबूक पण, कारण जुन्या काळी चाबूक त्याच्याच कातड्याचे करायचे.

नैवाशा विषुववृत्ताला लागून आहे पण उंची १९०० मीटरच्या आसपास, त्यामुळे रात्री स्वेटर लागतो. खोलीत झोपलो की आवाज यायचा, आधी एक लांबलचक हुंकार आणि मग हूं हूं हूं हूं, जसा कोणी म्हातारा ढेरपोट्या माणूस जोक ऐकून हसतोय. एकाने सुरू केलं की तळ्याच्या पलीकडून दुसरा, मग तिसरा. नंतर कळलं की ते एकमेकांना आवाजावरून ओळखतात. मोझांबिकमध्ये प्रयोग केला होता, २०२२ ला छापून आला, स्पीकरवर आवाज ऐकवले, आपल्या टोळीचा आवाज आला तर फार काही नाही पण परक्याचा आला की लगेच शेपटी फिरवून शेण उडवायचे. हे शेण उडवणं म्हणजे त्यांचा बोर्ड आहे, अमुक अमुक यांच्या मालकीची जागा. शेपटी पंख्यासारखी गरागरा फिरवतात आणि मागे कोण उभं आहे ते बघत नाहीत.

आता तुमच्या मेन प्रश्नावर येतो, गवत खाणारा एवढा डेंजर का. तिथल्या माणसांसोबत राहून मला जे समजलं ते असं की त्याचं घर एकीकडे आणि शेत दुसरीकडे, आणि मधे रस्ता. आपल्याकडे सालदार कसा, वस्तीवरून मळ्यात आणि मळ्यातून वस्तीवर, रोज त्याच पायवाटेने, तसा हा दर रात्री त्याच वाटेने तीन चार किलोमीटर जातो, कधी त्याच्या दुप्पट पण. घराबाहेर त्याला सुरक्षित वाटत नाही. म्हणजे रात्री किंवा पहाटे तुम्ही त्याच्या आणि पाण्याच्या मधे उभे राहिलात की तुम्ही त्याच्या दारात आडवे झालात. तो तुम्हाला मारायला येत नाही हो, तो घरी पळतो, आणि तुम्ही मधे आलात तर तुमच्या अंगावरून पळतो. आणि पळतो किती, ताशी ३० किलोमीटर. एवढ्या पायांवर एवढं अंग. २०२४ मध्ये लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजवाल्यांनी व्हिडिओ एकेक फ्रेम थांबवून बघितले तर जोरात धावताना चारही पाय एका वेळी जमिनीवरून सुटलेले दिसले. क्षणभरच, पण दीड दोन टन हवेत.

पाण्यातलं वेगळं. तिथे एक दांडगा नर नदीचा एवढा एवढा तुकडा माझा म्हणून बसलेला असतो, त्यात दहा-वीस माद्या आणि पिल्लं, बारके नर मान खाली घालून राहिले तर राहू देतो. बाहेर चरायला गेल्यावर मात्र हद्द वगैरे काही नाही, सगळे आपापले चरतात. मालकी फक्त पाण्याची. त्यामुळे होडीवाले आणि कंबरभर पाण्यात उभे राहून जाळं टाकणारे जे असतात त्यांचा घात होतो. तो आधी इशारा देतो, तोंड उघडतो. आपल्याला वाटतं बिचाऱ्याला जांभई आली, फोटो काढा. जबडा जवळपास १५० अंश उघडतो आणि खालचे सुळे हातभर. मगरी पण मोठ्या पाणघोड्याच्या वाटेला जात नाहीत, पिल्लू एकटं सापडलं तरच.

आमच्या काळात तळ्याचं पाणी वाढत होतं आणि २०२० ला तर काठची घरं, हॉटेलं पाण्यात गेली, तोवर मी परत आलो होतो. पाणी वाढलं की काठचं गवत पाण्याखाली जातं, वरच्या बाजूला पॉलीहाऊसची कुंपणं, मग तो चरायला जाणार कुठे तर लोकांच्या मक्यात. आपल्याकडे रोही आणि डुकरांसाठी जागल करतात तशी तिथे पाणघोड्यासाठी जागल, फक्त आपल्याकडे डबा वाजवला की रोही पळतं. इथे डबा वाजवणाऱ्याने आधी झाड बघून ठेवायचं.

एकदा सुट्टीत मसाई मारा बघायला गेलो. मारा नदीवरच्या पुलाजवळ उभे राहिलो तर नाकाला रुमाल लावायची पाळी. गाईडने सांगितलं ते नंतर वाचून पण बघितलं, केनियाच्या बाजूच्या मारा नदीत चार हजारांच्या वर पाणघोडे आणि रोज ३६ टन शेण नदीत. रात्री शेतातलं गवत खायचं आणि दिवसा पाण्यात टाकायचं. रोजच्या शेणखताच्या दहा-बारा ट्रॉल्या समजा. माशांना, किड्यांना खाद्य मिळतं, पण पाणी कमी झालं की हेच शेण डोहाच्या तळाला साचून कुजतं, प्राणवायू संपतो, आणि वरून पूर आला की ते काळं पाणी खाली ढकललं जातं आणि हजारो मासे मरतात. मग गिधाडं आणि मगरींची दिवाळी.

पैजेचं म्हणाल तर केनियातच त्सावोमध्ये म्झिमा नावाचे झरे आहेत, पाणी काचेसारखं, तिथे पाण्याखाली खोली केली आहे खिडक्यांची, आत बसून बघायचं. नशीब असेल तर पाणघोडा तळावरून चालताना दिसतो आणि त्याच्या अंगावर मासे चिकटून मळ खाताना. मला दिसला. तुमचे साडू बरोबर आहेत.


जलपर्णी_हटाव:

विषय निघालाच आहे तर, आपल्या तापीत आणि तळ्यांत जिथे तिथे जलपर्णी माजली आहे, मशीन लावून काढतात, परत उगवते. दहा-बारा पाणघोडे आणून सोडले तर खाऊन टाकतील ना? टुरिझम पण वाढेल. हाफ जोक आहे पण हाफ सिरियस.


मास्तर_धुळेकर:

तुम्हाला वाटतंय ही आयडिया तुमची आहे, पण शंभराहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेच्या संसदेत हेच झालंय. १९१० साली लुइझियानाचे खासदार रॉबर्ट ब्रूसार्ड यांनी बिल आणलं होतं की आफ्रिकेतून पाणघोडे आणायचे आणि दलदलीत सोडायचे, ते जलपर्णी खातील आणि आपण त्यांना खाऊ, कारण तेव्हा तिथे मांसाचा तुटवडा होता. बिल पास झालं नाही, नशीब त्यांचं. मुळात पाणघोडा पाण्यातली झाडं फारशी खातच नाही, वर डॉक्टरांनी सांगितलंच की तो काठावर जाऊन गवत चरतो. जलपर्णी तशीच राहिली असती आणि लोकांचा ऊस गेला असता.

आणि सोडल्यावर काय होतं ते कोलंबियात बघा. पाब्लो एस्कोबार, तो ड्रग्जवाला, त्याने स्वतःच्या फार्महाऊसवर चार पाणघोडे आणून ठेवले होते, एक नर तीन माद्या. १९९३ ला तो मारला गेला, बाकी जनावरं इकडेतिकडे दिली पण पाणघोड्यांना हात लावायला कोणी तयार नाही. ते निघाले मॅग्डालेना नदीकडे. तिथे आफ्रिकेसारखा कडक दुष्काळ नाही, सिंह नाही, वर्षभर पाणी आणि हिरवंगार गवत. चाराचे दीडशेच्या वर झाले. २०२२ मध्ये सरकारने त्यांना घुसखोर प्रजाती जाहीर केलं, २०२३ पासून नसबंदी सुरू केली, पण आधी पकडायचा, मग बेशुद्ध करायचा, मग एवढ्या जाड कातडीतून ऑपरेशन, एकेकाला दिवस जातो आणि पैसा पाण्यासारखा. २०२३ मध्ये तर त्यातले ६० भारतात, गुजरातेत पाठवायची घोषणा झाली होती, तुम्ही पेपरात वाचलं असेल.

तुम्ही तापीत दहा सोडा, तुमचे नातू भुसावळच्या पुलावरून मोजत बसतील.


भुसावळ_जंक्शन:

पुलावर गाडी अर्धा तास थांबतेच, मोजून होतील.


सातपुडा_भटक्या:

मास्तर, सोडायची गरजच नव्हती, ते इथे होतेच! नर्मदेच्या खोऱ्यात पाणघोड्याचे जीवाश्म सापडले आहेत, शिवालिकमध्ये पण. आजच्या पाणघोड्याचा भाऊबंद, हेक्साप्रोटोडॉन नाव, अर्थच पुढे सहा दात असलेला. जुने हत्ती, रानबैल यांच्या हाडांसोबत मिळतात. १९८२ मध्ये नर्मदेकाठी हथनोरा गावाजवळ अरुण सोनकिया यांना आदिमानवाच्या कवटीचा तुकडा मिळाला, त्याच खोऱ्यातला हा प्रकार (हथनोरा म्हणजे मध्य प्रदेशातलं, आपलं हतनूर धरण नव्हे, मी स्वतः एकदा हा घोळ घालून भुसावळला उतरलो होतो, असो, हतनूरला पक्षी चांगले बघायला मिळाले).

आपल्या अक्राणी, अक्कलकुव्याला खाली नर्मदा लागते. मी तिथे काठावर बसतो तेव्हा हेच डोक्यात येतं की याच नदीत वरच्या अंगाला कधीकाळी हे धूड नाक वर काढून फुस्स करत असेल. शेवटच्या हिमयुगापर्यंत होते, मग पाऊसमान बदललं, नद्या आटल्या, संपले. डॉक्टर म्हणतात तसं कातडीला पाणी पाहिजे. उन्हाळ्यात गिरणेचं पात्र बघा, तिथे पाणघोडा कुठे बसेल?


कॉलेजकन्या_नंदुरबार:

इन्स्टावर ती मू डेंग होती ना थायलंडची, ओली ओली गुळगुळीत, सगळ्यांना चावायला धावणारी, ती पण अशीच दीड टनाची होणार का 😭 माझं दोन महिने स्टेटस होतं तिचं


ढोरडॉक्टर_पारोळा:

नाही बेटा, ती बुटका पाणघोडा, जात वेगळी. जुलै २०२४ चा जन्म तिचा. मोठी झाली तरी पावणेतीनशे किलोच्या पुढे जात नाहीत, म्हणजे बारक्या म्हशीएवढी पण नाही. ते पश्चिम आफ्रिकेत लायबेरिया वगैरे भागात घनदाट जंगलात राहतात, टोळी नाही, एकटे. जंगलात आता जेमतेम दोन अडीच हजार उरले आहेत.

मोठे सुद्धा वाटतात तेवढे नाहीत. सगळ्या आफ्रिकेत मिळून सव्वा लाखाच्या आसपास. काँगोतल्या विरुंगा पार्कात १९७० च्या दशकात २९ हजार होते, तिथल्या लढायांत सैनिकांनी, शिकाऱ्यांनी मांसासाठी आणि दातांसाठी मारले, तीस वर्षांत हजाराच्या खाली आले. १९८९ ला हस्तिदंतावर बंदी आली तेव्हापासून पाणघोड्याच्या सुळ्यांना भाव आला. तो दात हस्तिदंतापेक्षा टणक, पिवळा पडत नाही, पूर्वी माणसांच्या कवळ्या त्याच्या करायचे, जॉर्ज वॉशिंग्टनच्या कवळीत पण होता.

आणि रोग. २०१७ मध्ये नामिबियात एका पार्कात शंभरावर पाणघोडे आठवड्याभरात मेले, संशय अँथ्रॅक्सचा, म्हणजे आपला फाशी रोग. उन्हाळ्यात पाणी आटतं, सगळे एका डबक्यात दाटीवाटीने, एकाला झालं की सगळ्यांना. टांझानियात कटावीला तर दर उन्हाळ्यात शेकडो पाणघोडे चिखलात एकमेकांच्या अंगावर पडलेले असतात. ज्या नराने पावसाळ्यात एकाला जवळ येऊ दिलं नाही तोच तिथे दुसऱ्याच्या पाठीवर हनुवटी टेकवून झोपतो. ऊन काय काय करायला लावतं बघा.


केळीवाला_यावल:

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. सगळं पोरीला वाचून दाखवलं. देवमाशाचं नातं तिला पटलं, लाल घामाचं पटलं, मू डेंगचे व्हिडिओ बघून झाले. सालदारवालं ऐकून म्हणे मग आपले सालदारबाबा पण रस्त्यात आडवं आलं तर चावतात का. आता कालपासून मळ्यातल्या हौदात नाक दाबून तळाला चालायची प्रॅक्टिस चालू आहे, दर वेळी वरच येते आणि चिडते की माझी हाडं हलकी का. आईचा ओरडा मला.

पैज हरलो हे लेखी कबूल. पार्टी डिसेंबरात, ज्यांना यायचं त्यांनी कळवा, कळण्याची भाकरी आणि भरीत, ठेचा बायकोच्या हातचा. साडूभाऊंना धाग्याची लिंक पाठवली आहे.


साडूभाऊ_शिरपूर:

पाव्हना, तो पोहस नही, चालस. वांगा बामणोदनाच लई येजो.